मेईताई आमच्याकडे जेवत नाहीत

९ नोव्हेंबर
विहारातून वानखडे भाऊजींचा फोन. तैवानचं एक जोडपं आलंय, वर्षभर आजाऱ्यांची सेवा करणार, स्वतःच्या खर्चाने. "तुमच्याकडे पाठवतो." म्हटलं, नका पाठवू, हे फिजिओलाही हाकलून देतात. "ताई, एकदा येऊन तर जाऊ द्या."
स्ट्रोकनंतर हे घराबाहेर पडलेलेच नाहीत. लिफ्ट आहे, काठी आहे, डॉक्टर सांगून थकले, चाला. पण तोंड वाकडं, शब्द अर्धेमुर्धे. अंडर सेक्रेटरी मेश्राम म्हणून रिटायर झालेला माणूस लाळ पुसत सोसायटीतून फिरणार नाही, बस्स. असंच चाललं तर पलंग धरतील. ही भीती कुणाला सांगत नाही, इथे लिहिते.

११ नोव्हें.
आले. दोघंही सत्तरीपुढचे. लिन म्हणजे शाळेतले खेळाचे मास्तर, मेई त्यांची बायको, नर्स होत्या. 'नमस्ते, ठीक है, धीरे-धीरे' एवढ्या भांडवलावर गाझियाबादभर हिंडतात! थोडं इंग्रजी, बाकी हातवारे. बाहेर धुराने माझे डोळे चुरचुरतात, आणि हे दोघं मेट्रोने, मग ई-रिक्षाने.
लिननी यांचे मोजे काढले आणि तळवे चोळायला बसले. हे ओरडले, "नको!" कितीतरी दिवसांनी एक शब्द स्पष्ट निघाला. लिन हसले, "अच्छा," आणि चोळत राहिले.

२१ नोव्हें.
रोज येतात. खाडा नाही. आज हे हॉलमधून बाल्कनीपर्यंत. मी धरायला धावले तर मेईताईंनी मलाच धरलं. मायाळू बाई, पण पकड पोलिसाची.
प्रेरणा नोएडाहून फोनवर, "आई, हे लोक कन्व्हर्ट वगैरे करायला नाही ना आलेत?" म्हटलं, अगं बाई, आपण बुद्धाचेच, आता आणखी कुठे नेणार? हसली. पण खरंच, आपल्याकडून गेलेला धम्म म्हातारपणी परत घेऊन यायचा, तोही पाय चोळायला! मला जमलं असतं का? मी तर बहिणीकडे नागपूरला गेले तरी चौथ्या दिवशी घर आठवतं.

३० नोव्हें.
आज जेवायला बोलावलं. दोन दिवस खपले. अंडी, मटण खात नाहीत हे माहीत होतं. म्हणून भरली वांगी, लसणाची चटणी, कांदा घालून वरण, ज्वारीची भाकरी. ताटं वाढली. मेईताईंनी वास घेतला, लिनकडे पाहिलं. हात जोडले. "सॉरी. नो गार्लिक. नो ओनियन." पिशवीतून स्वतःचा डबा काढला.
माझ्या घरात. माझ्या ताटासमोर.
दिल्लीत नवीन आलो, मुनिरक्यात खोली शोधत फिरायचो तेव्हा घरमालकीण विचारायची, "प्याज-लहसुन खाते हो?" जात विचारायचा सभ्य रस्ता. आम्ही 'हो' म्हटलं की खोली आधीच गेलेली असायची. यांना तर लहानपणी गावात वरून पाणी ओतायचे. आणि आता बुद्धाचं नाव घेऊन कुणी आमच्या ताटाला हात लावत नाही!
नंतर भांडी फार आपटली.

१ डिसेंबर
लिनना दारातूनच सांगितलं, आज नको. उद्याही नको. ते "ठीक है" म्हणून वळले. म्हातारा माणूस, पाठीला ती सॅक. वाईट वाटलं. पण राग मोठा होता.

४ डिसें.
यांना मी कारण सांगितलेलं नाही. सकाळी अंघोळ करून दाराकडे तोंड करून बसतात. आज म्हणाले, "लि... न?" मी म्हटलं, बिझी असतील. बाल्कनीपर्यंतही गेले नाहीत. दुपारभर भिंतीकडे तोंड.
माझ्या रागाची किंमत हे मोजतायत.

५ डिसें.
मेईताई एकट्या आल्या. काल वानखडे भाऊजींपाशी फोनवर मी सगळं ओकले होते, त्यांनी ते तसंच सांगितलं असावं. आत येऊन बसल्या, माझं उष्टं पाण्याचं भांडं उचललं आणि प्यायल्या. मग इंग्रजी-हिंदी-हातवारे. त्यांच्या परंपरेत पाच उग्र वस्तू वर्ज्य, मन तापतं म्हणून. कुणाच्या हातचं, याचा काही संबंध नाही. त्यांना आपल्याकडचं हे माहीतच नव्हतं. "हिअर, गार्लिक मीन्स... पीपल?" मी मान हलवली. बाईंचा चेहरा उतरला.
यांच्या ताटात सकाळची अर्धी भाकरी पडली होती. लाळेने ओली, मीच टाकून देणार होते. मेईताईंनी ती उचलली, मीठ लावलं आणि खाल्ली. शांतपणे, शेवटच्या तुकड्यापर्यंत.
यांचं उष्टं. आयुष्यात माझ्याशिवाय कुणी खाल्लं नव्हतं.
हे बघत होते. मग रडले. मीही रडले. मेईताई घाबरल्या, "स्पायसी?" रडतारडता हसू आलं.

६ डिसें.
विहारात वंदनेला गेले. मेईताई बायकांमध्ये बसल्या, मला शेजारी जागा धरली. लिन आले नाहीत. ते आमच्या घरी, यांच्याजवळ.

१९ डिसें.
बिनकांद्या-लसणाचं वरण केलं. चव यावी म्हणून चांगली सढळ हिंगाची फोडणी दिली. मेईताईंनी हुंगलं आणि पुन्हा हात जोडले. हिंगही त्या पाचांतला! हात दाखवून अवलक्षण. शेवटी जिरं, मीठ, गूळ, भाकरी. दोघं पोटभर जेवले. लिननी पातेलं पुसून खाल्लं.
विहारातल्या सुनंदाताईंनी ऐकलं तर म्हणाल्या, "शोभा, अब पंडिताइन बन गई क्या?" म्हटलं, एका पातेल्यापुरती. बाकी घरात लसूण आहे तिथेच आहे.

१४ जानेवारी
हे लिनसोबत दारापर्यंत. लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट आली, आत तिसऱ्या मजल्यावरचे गुप्ताजी. हे वळून घरात. लिननी चप्पल काढली, पुन्हा तळवे चोळायला बसले. इतका धीर माणसात कुठून येतो?

८ फेब्रुवारी
वाईट बातमी. व्हिसाची मुदत महिनाअखेर संपते. वर्ष धरूनच आले होते, कागदावर निघालं त्याहून कमी. वाढवून मागितलंय. त्यांची मुलगी तिकडून रोज फोन करते, परत या, तुमचं वय काय. लिन म्हणाले, "मेश्रामजी वॉक आउटसाइड, देन वी गो." यांनी ऐकलं. जेवले नाहीत.

१७ फेब्रु.
व्हिसावाल्यांनी विचारलंय, हे दोघं इथे नेमकं काय काम करतात, विहारातर्फे कुणीतरी येऊन सांगा. वानखडे भाऊजी जाणार. आमच्याकडे बसून तेच बोलत होते. हे मध्येच, "मी."
"अहो, तुम्ही?" मी.
"मी... सांगतो."
भाऊजी माझ्याकडे, मी यांच्याकडे. ऑफिस, रांगा, तरणेताठे बाबूलोक. हसले तर? पण नाही म्हणवेना.

२० फेब्रु.
सकाळीच इस्त्रीचा शर्ट. बटणं लावायला फार वेळ लागला, मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. लिफ्टमध्ये आज दोन बायका, एक कुत्रा. हे आत शिरले. मागून लिन, भाऊजी. दार बंद होताना हे म्हणाले, "बघू... दे लोकांना."
बाल्कनीतून पाहिलं. गेटपर्यंत स्वतः चालत गेले. गार्डने सलाम केला, यांनी डावा हात उचलला. गाडीत बसले. असा माणूस माझा आहे, मोठ्याने ओरडून सांगावंसं वाटलं.
दुपार उलटली. भाऊजी फोन उचलत नाहीत. आत मोबाईल ठेवून घेत असतील. मेईताई माझ्यासोबत मटार सोलत बसल्यात. सोललेले दाणे परत सालांत टाकतायत, मी काढून घेतेय.
"शोभाजी, यू वरी?"
"बिल्कुल नहीं," मी म्हटलं. चौथं शील मोडलं, खोटं न बोलण्याचं.
"मी आल्सो नो," मेईताई म्हणाल्या.
दोघींचं मोडलं.