सगळे हजर

प्रिय धाकटे,

तीन आठवडे झाले, तुझा फोन नाही, माझाही नाही. आई विचारून थकली. मी तिला सांगते कामं आहेत, तूही तेच सांगतेस. आपल्या दोघींना या वयात खोटं बोलायची सवय लागली, हे तिला कुठून कळणार!

विद्यापीठातल्या माझ्या विभागात बसून लिहितेय. दारावर ‘संचालक’ अशी पाटी, भिंतीवर माझा पहिला आलेख चौकटीत. आठवतो? तू नुकतीच शिक्षिका झाली होतीस. एका वर्गातली अकरा मुलं आठवडाभर गैरहजर दिसली म्हणून मी त्या शाळेच्या टाकीचं पाणी तपासायला लावलं, आणि दवाखान्याला कळायच्या आधी साथ सापडली. आजार आधी हजेरीपटात दिसतो, या एका वाक्यावर माझी बावीस वर्षांची प्राध्यापकी उभी आहे. मग प्रत्येक शाळेची हजेरी रोज आमच्या संगणकावर यायला लागली. गैरहजेरी वाढली की शाळेची चौकशी, हा नियमही माझाच. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

सुट्टीत मटार सोलता सोलता तू हसत सांगितलंस, की गैरहजर लिहिलं तर तपासनीस येतात, चार दिवस कागद भरत बसावं लागतं, त्यापेक्षा तुम्ही सगळ्याजणी सगळ्यांचीच हजेरी लावता. मीही हसले. परत येऊन आलेख पाहिला तर रेघ सपाट. बैठकीत मात्र टाळ्या, मुलं निरोगी झाली म्हणून. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. बोलले असते तर प्रकल्प बंद, तीस माणसं घरी, आणि खरं सांगू, दारावरची पाटीही गेली असती.

मग तुझ्या शाळेत कावीळ आली. एकोणीस मुलं रुग्णालयात आणि संगणकावर तुझा वर्ग पूर्ण हजर. अठरा घरी परतली. तुझ्या पहिल्या बाकावरची चिमुरडी अजून तिथेच आहे. आणि चौकशी समितीचं अध्यक्षपद कुणाला दिलं? मला! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. अहवाल लिहून तयार आहे. दोष तुमच्या शाळेच्या शिपाईकाकांचा, टाकी धुतली नाही म्हणून. टाकीला तडा गेलाय असे त्यांचे दोन अर्ज मी स्वतः वाचलेत. आता फक्त माझी सही हवी आहे.

मी ती करणार नाही. सोमवारी लिहून देणार आहे, की हजेरी खोटी होती आणि मला ते सुट्टीपासून माहीत होतं. तुझं नाव त्यात नाही. पण कुणी सांगितलं, हे ते सगळ्यात आधी विचारतील, आणि तेव्हा मला खोटं बोलवणार नाही. म्हणून हे पत्र. त्यांनी विचारायच्या आत तू स्वतः मुख्याध्यापिकांना सांग. तू चिडशील. चीड. नोकरीला तुला मीच लावलं, नियम मीच केला, आणि आता मीच तुला पुढे ढकलतेय. पण तू गप्प राहिलीस तरी मी तुझं नाव घेईन.

तुझीच,
ताई