सात चाळीसची रिकामी गाडी

३ मार्च
आज पुन्हा दोनडबे काका! दर सोमवारी हजर. ऑफिसात हेच नाव पडलंय, कारण त्यांच्या रेल्वे कंपनीकडे एक इंजिन आणि दोन डबे — बस्स. रूळ आमच्या खात्याचे, गाड्या कंपन्यांच्या. कुणी किती वाजता रुळावर यायचं, ते माझ्या टेबलावर ठरतं. काकांना सकाळचा सात चाळीसचा स्लॉट हवाय आणि तो मोठ्या कंपनीने धरून ठेवलाय. एप्रिलअखेर मिळाला नाही तर परवाना रद्द, डबे भंगारात. "दोनदा स्वतः रंगवलेत हो बाई," म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. चहा विचारणार होते, जीभ चावली. स्लॉटच्या टेबलावर बसणाऱ्याने कंपनीवाल्याला चहा पाजायचा नाही, त्याचा प्यायचा नाही, आणि नातं तर मुळीच नको. नियम सात!

४ मार्च
सात चाळीसची मुद्दाम बघायला गेले. आली, थांबली, दारं बंद. आत चिटपाखरू नाही! तशीच निघून गेली. स्लॉट हातचा जाऊ नये म्हणून मोठी कंपनी रोज रिकामी गाडी पळवते. फलाटावर तीसेक माणसं आठ पन्नासची वाट बघत जांभया देत उभी. असा संताप आला ना!

५ मार्च
जेवताना आत्याजवळ भडाभडा बोलले. मी तिच्याकडेच राहते. वय चौसष्ट, लग्न केलं नाही, कुणाच्या बापाला घाबरत नाही.
नियम अकरा सांगितला — सलग तीस दिवस एकही प्रवासी नेला नाही तर स्लॉट जातो. पण कंपनी म्हणते, कुणी आलंच नाही तर नेणार कुणाला?
"म्हणजे कुणीतरी रोज जायला हवं," आत्या म्हणाली आणि भाजी वाढून घेतली.
मी काही सुचवलं नाही. देवाशप्पथ! तक्रारवही कुठे असते, तेवढंच सांगितलं.

६ मार्च
आत्या गेली की! खिडकीवर तिकीट मागितलं. "आजी, या गाडीचं तिकीट नसतं." मग गाडीचं दार वाजवलं. उघडलं नाही. तक्रारवहीत पहिली नोंद, तारीख-वेळेसकट.

१४ मार्च
नववा दिवस. आत्या अत्तर लावून गेली. तक्रार करायला अत्तर? "माणसानं नीटनेटकं जावं गं." थर्मासबरोबर कपही दोन नेते. एक फुटला तर, म्हणे.

२४ मार्च
आज सोमवार, आणि दोनडबे काका आले नाहीत! डबे विकले की काय? घरी आल्यावर आत्याला म्हटलं. "छे, ठीक आहेत ते," म्हणाली. हिला काय माहीत? विचारणार तेवढ्यात दूध उतू गेलं.

३ एप्रिल
एकोणतीस! ऑफिसात दोनदा चुकीचा शिक्का मारला.

४ एप्रिल
मोठ्या कंपनीला सुगावा लागला. आज दार सताड उघडं आणि दारात साक्षात मॅनेजर, टाय लावून. "या आजी, या, खिडकीजवळ बसा." मी खांबामागे. संपलं सगळं! आत्या चढली असती तर तीस दिवसांवर पाणी.
आत्या जागची हलली नाही. "तिकीट?"
"राहू द्या हो तिकीट."
"विनातिकीट? या वयात? मला काय समजलात!"
मॅनेजर खिडकीकडे धावला. खिडकीवाला म्हणाला, साहेब, तुम्हीच या गाडीचं तिकीट कधी ठेवलं नाहीत. इतक्यात सिग्नल पडला. गाडी रिकामी गेली, आणि मॅनेजर फलाटावरच राहिला! हसू दाबता दाबता पोटात कळ आली.

७ एप्रिल
सुनावणी. आमच्या साहेबांनी आत्याला विचारलं, "हा नियम तुम्हाला कुणी सांगितला?" मी फायलीत डोकं घातलं.
"तिकीट खिडकीशेजारी भिंतीवर लावलाय. मी चष्मा लावून वाचला. तुम्हीही वाचा."
स्लॉट दोनडबे काकांना. कागदावर सही माझी. काकांनी रुमालाने डोळे टिपले. माझेही भरून आले. नियमात बसत नसेल, पण आले.

११ मे
आज आत्या लग्न करून आली. दोनडबे काकांशी! फलाटावर दुसरा कप कुणाचा होता, ते आत्ता डोक्यात शिरलं. "निकाल लागेपर्यंत थांबलो गं. नियम सातही भिंतीवरच आहे."
म्हणजे आजपासून मी कंपनीवाल्याची भाची. टेबल गेलं! बदली लाइनच्या पार टोकाला, रोज सात चाळीसच्या गाडीने जायचं. नव्या काकांकडे पास मागितला तर म्हणतात, "तिकीट काढ."