बादलीत उरलेला बाप्पा

लालबाग, पितृपक्षातला रविवार

पाच दिवसांच्या गणपतीचं घरीच बादलीत विसर्जन केलं, पण प्लास्टरची मूर्ती विरघळेचना. सोंड तर जशीच्या तशी. टाकायला हात धजत नव्हता.

आज सून म्हणाली, "आई, आमच्या प्रयोगशाळेत नेते. वाळवून, यंत्राच्या पोलादी गोळ्या भरलेल्या फिरत्या डब्यात युरियाबरोबर दळलं की खत होतं. पाणी नको, आच नको."

"अगं, देवाला दळणार?"

"उत्तरपूजेला अक्षता टाकून मूर्ती हलवलीत ना? बाप्पा तेव्हाच गेले. हे नुसतं प्लास्टर."

केमिस्ट्री शिकलेली पोर मलाच धर्म शिकवते! पण चुकली कुठे? नुसत्या दळण्याने एकाचं दुसरं होतं, खरंच कमाल आहे. तरी ती सोंड...

शेवटी म्हटलं, "ने. फक्त यंत्र सुरू करताना फोन कर. मी इथे दिवा लावीन."