आजचं उत्तर

प्रिय चिमणे,

आधी घरचं सांगतो, कारण ते सोपं आहे. आई ज्या टेबलापाशी पडली ते टेबल तसंच आहे. सहामाहीचे गणिताचे पेपर, त्यांवर तिचा चष्मा. सगळ्यात वरच्या पेपरावर बरोबरची खूण करताना तिचा हात घसरला असावा. लाल रेघ कागदाबाहेर जाऊन लाकडावर उमटली आहे. मावशी ओलं फडकं घेऊन आली तेव्हा मी तिच्यावर ओरडलो. मग तिने चहा केला आणि आम्ही दोघांनी तो थंड होऊ दिला. शाळेने अजून पेपर मागितलेले नाहीत. मागितले तर अर्धे तपासलेले द्यायचे की कसे, मला कळत नाही.

तू लहान असताना काहीही विचारलंस की मी पार मागून सुरुवात करायचो. वीज का चमकते, तर आधी देवांची भांडणं, मग ढगांची टक्कर, मग आणखी कुणाकुणाचे तर्क. खऱ्या कारणापर्यंत पोचेस्तोवर तू माझ्या मांडीवर झोपलेली असायचीस. आई म्हणायची, तुझ्या बाबाला सरळ उत्तर द्यायला दोन हजार वर्षं लागतात. तिने घरात नियमच करून टाकला होता : आजचं उत्तर आधी, कालची नंतर. भाजीत मीठ बरोबर आहे का, एवढं विचारलं तरी मी तोंड उघडायच्या आत तिच्या हातातला डाव वर व्हायचा. आजचं उत्तर! मी म्हणायचो, कमी आहे. ती म्हणायची, बघ, जमतं की.

विचारांचा इतिहास मी आयुष्यभर शिकवला, आणि माझं गाजलेलं व्याख्यान जीव या विषयावरचं होतं. जीव राहतो कुठे? कुणी म्हणालं श्वासात, कुणी काळजात, कुणी रक्तात. काहींनी मेलेल्या माणसाचं हृदय जपून ठेवलं आणि मेंदू कचरा म्हणून टाकून दिला. एका थोर तत्त्वज्ञाला मेंदू म्हणजे शरीर गार ठेवायची सोय वाटली. पुढे हृदयाचा नुसता पंप झाला आणि जीवाला तिथूनही बाहेर पडावं लागलं. मी म्हणायचो, जीव हा जगातला सगळ्यात जुना भाडेकरू, कुठल्याच घरात टिकत नाही. दरवर्षी इथे वर्ग हसायचा. मी थांबून त्यांना हसू द्यायचो. मग सांगायचो की मेंदू थांबला म्हणजे माणूस संपला, हे अलीकडे ठरलंय. हा मृत्यू माझ्याहूनही वयाने लहान आहे. तेव्हाही हसायचे.

आईच्या डॉक्टर तुझ्याच वयाच्या आहेत. त्यांनी मला बाजूच्या छोट्या खोलीत बसवलं. तिथे एक खिडकी आहे, ती उघडत नाही. त्यांनी सांगितलं की डोक्यात रक्तस्राव झालाय, मेंदूचं काम पूर्ण थांबलंय, सगळ्या तपासण्या दोनदा केल्यात. छाती हलते ती यंत्रामुळे. तुम्हाला हे समजतंय ना, असं विचारलं. आणि चिमणे, मी म्हणालो की या व्याख्येबद्दल सगळ्यांचं एकमत नाही. मी वर्गात म्हणायचो तसं म्हणालो. व्याख्यानात मेंदू थांबल्याचं वाक्य आलं की त्यामागून हे यायचं, इतकंच. मला नकार द्यायचा नव्हता, मला काहीच द्यायचं नव्हतं. पण त्यांना वाटलं नवऱ्याची तयारी नाही. यंत्र तसंच चालू राहिलं.

मावशीला मात्र त्यातून आशा सापडली. तिने आईचा हात धरला तर तो गरम. एकदा बोट हललं. मेंदूशिवायही तसं हलतं, असं डॉक्टर म्हणाल्या, पण मावशी कुठली ऐकते! बाहेर आली आणि तिने थेट तुला फोन लावला, की भावजींनी डॉक्टरांना थांबवलंय, त्यांनी एवढी पुस्तकं वाचलीत, त्यांना काहीतरी माहीत असणार. म्हणून तू मला फोन केलास. विचारलंस, बाबा, आई आहे ना? मी म्हणालो, प्रश्न तसा जुना आहे. तू हसलीस. तुला वाटलं, बाबा नेहमीसारखे बोलतायत म्हणजे सगळं ठीक आहे. म्हणालीस, बाळ झालं की लगेच घेऊन येते, तोवर आईला सांभाळा. मी हो म्हणालो.

त्यानंतर मी त्या हाताजवळ बसून होतो. आयुष्यभर जमवलेली सगळी मतं एकेक करून आली आणि प्रत्येक खरं वाटलं. गरम हात धरला की वाटायचं, रक्तात आहे. छाती वर आली की वाटायचं, श्वासात आहे. एकदा मी तिच्या कानाशी वाकून विचारलं, मीठ बरोबर आहे का? वेड्यासारखं. मला वाटायचं, एवढ्या लोकांनी एवढा विचार करून ठेवलाय, कुठेतरी पाय टेकायला जागा असेल. नाही. तो सगळा इतिहास दुसऱ्या कुणाच्या तरी मरणाबद्दल होता. आणि हो, तुझ्या बाळात जीव केव्हा आला, यावरही माझ्याकडे टिपणं आहेत. मला कधी विचारू नकोस.

आता मावशी म्हणते, बाळंतपण होईपर्यंत तुला यातलं काही कळवायचं नाही. फोनवर मला तसंही जमलं नसतं. तू प्रश्न विचारला असतास आणि मी पुन्हा मागून सुरुवात केली असती. म्हणून लिहितोय. तुझ्या नवऱ्याला पाठवतो, तो शेजारी बसला की तुला देईल. आज दुपारी मी डॉक्टरांना सांगितलं की मला समजलंय. यंत्र काढताना मी तिथेच होतो. आधी छाती थांबली. हृदय थोडा वेळ चालत राहिलं, मग तेही थांबलं. मग बऱ्याच वेळाने माझ्या हातातला हात गार झाला. एकेक घर रिकामं होताना मी पाहिलं, आणि कुठूनही कुणी बाहेर पडताना दिसलं नाही. तू मला विचारलं होतंस. आजचं उत्तर : आई गेली. ती आधीच गेली होती, तू फोन केलास त्याच्याही आधी. कालची उत्तरं माझ्याकडे पुष्कळ आहेत, पण त्यातलं एकही तुला देता येण्यासारखं नाही.

तुझाच,
बाबा