कॉर्कची वाढ

६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी दाढी. बँकेत सही जुळली नाही, परत बोलावलंय. संध्याकाळी वाद्यवृंदाच्या तालमीला हॉलवर गेलो. हिची खुर्ची, म्हणजे तिसऱ्या फ्रेंच हॉर्नची, आता भरली. नवी वाजवणारी दातांची डॉक्टर आहे. वय तिशीच्या आसपास. दिवसा लोकांच्या तोंडात ड्रिल, गुरुवारी हॉर्न. तिच्याबद्दल मत बनवायची घाई करणार नाही. बोटं आखूड आहेत.

तिला हिचं म्यूट दिलं आणि नीट माहितीही दिली. पुठ्ठ्याचा शंकू, हॉर्नच्या रुंद तोंडात बसवायचा, मग आवाज शेजारच्या गल्लीतून आल्यासारखा येतो. शंकूभोवती कॉर्कच्या तीन पट्ट्या. सगळा खेळ त्यांचा. कॉर्क घासला की म्यूट आत सरकतं आणि सूर चढतो. कॉर्क जाड असला की म्यूट बाहेर राहतं आणि सूर उतरतो. ती म्हणाली, हो काका, माहीत आहे. तरी पुन्हा सांगितलं.

प्रत्येक कार्यक्रमाआधीच्या शनिवारी हिचं म्यूट मीच घासून द्यायचो. पंचवीसेक वर्षं. माझी सगळी नोकरी पाण्याचे मीटर तपासण्यात गेली, हाताला अचूकपणाची सवय आहे. ही फुंकून बघायची, जरा थांबायची आणि म्हणायची, अहो, अगदी बरोबर. एकदाही दुसरं काही म्हणाली नाही. चारचौघांत सांगायची, यांच्यासारखं घासणं कोणाला म्हणून जमणार नाही.

तालमीत मास्तर, म्हणजे आमचे संचालक, काडी खाली ठेवून म्हणाले, तिसरा हॉर्न चढलाय. डॉक्टर म्हणाली, हॉर्न नाही, म्यूट चढतंय. मी मागच्या रांगेतून सांगितलं की म्यूट चार महिने पडून आहे, त्याला माणूस ओळखीचा व्हायला वेळ लागेल. हल्ली माझं म्हणणं कोणी खोडत नाही. सोयीचं आहे.

कार्यक्रम एक मार्चला. त्यात तिसऱ्या हॉर्नची म्यूट लावून एकटीची एक ओळ आहे, लांबून हाक मारल्यासारखी. ती हिच्याच म्यूटमधून वाजावी, एवढंच माझं म्हणणं. शिवाय हॉलवर जायला काही कारण लागतं. कारण नसताना गेलं की लोक चहा पाजतात आणि चेहरे पाडतात.

संकल्प: नव्या माणसाच्या कामात लुडबुड करायची नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

म्यूट परत आणायला डॉक्टरच्या दवाखान्यात गेलो. ही लुडबुड नव्हे, देखभाल. नंबर लावून बसावं लागलं. आत गेल्यावर खुर्चीत आडवं केलं. म्हटलं, म्यूटसाठी आलोय. ती म्हणाली, आलाच आहात तर आ करा. मागच्या दाढेत कीड आहे म्हणे. म्यूट मिळालं.

८ फेब्रुवारी, शनिवार

निदान झालं. कॉर्क वाळलाय.

कॉर्क म्हणजे झाडाची साल. मुळात जिवंत वस्तू. वाजवणाऱ्याच्या श्वासातल्या ओलाव्याने फुगते. पुरावा: इतकी वर्षं मी दर कार्यक्रमाला कॉर्क घासला, आणि दर वेळी पुढच्या कार्यक्रमापर्यंत तो भरून आलेला असायचा. अगदी नव्यासारखा. हे मी हिला एकदा दाखवलंही होतं. ही निरखून बघत म्हणाली, खरंच की हो.

शेवटचं घासलं ते ऑक्टोबरात. दुसऱ्या दिवशी रविवारी ही बहिणीकडे जायला निघाली आणि जिन्यातच खाली बसली. तिथून हॉस्पिटल. तेव्हापासून म्यूटला श्वास मिळालेला नाही. सरळ गोष्ट आहे.

(कार्यक्रम तोंडावर असताना रविवारची अख्खी दुपार बहिणीकडे गप्पांत घालवायची, हे मला कधी पटलं नाही. हॉर्न घेऊन जायची, म्हणे तिकडे सराव करते. बोललो मात्र नाही कधी.)

उपाय: किटलीची वाफ, सकाळ संध्याकाळ. जोडीला आपली फुंकर. पंधरा दिवसांत कॉर्क पूर्ववत व्हावा.

मेहुणीला फोनवर हे सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, भाऊजी, माझं दूध उतू जातंय, ठेवते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

व्हर्निअरने कॉर्कची जाडी मोजली. वाढ नाही. पण घटही नाही, म्हणजे उतार थांबला.

शेजाऱ्यांनी जिन्यात अडवून विचारलं, दम्याचा त्रास सुरू झालाय का, रोज सकाळी फू फू ऐकू येतं. म्हटलं, नाही, कॉर्कला फुंकर घालतो. ते म्हणाले, काळजी घ्या हं, एकटे असता. त्यांच्या बायकोने संध्याकाळी सूप पाठवलं.

नंतर: एक पट्टी वाफेने सुटून किटलीत पडली. सूप पिऊन झोपलो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

तात्पुरती सोय म्हणून सुटलेल्या पट्टीच्या जागी खुर्चीच्या पायाला लावायचं फेल्ट चिकटवलं, आणि बाकी दोघींना एकटं वाटू नये म्हणून त्यांच्यावरही. तालमीला दिलं. डॉक्टर म्हणाली, हे सैल वाटतंय. म्हटलं, वाटणारच, सवय नाही.

नेमक्या त्या ओळीत, सगळं शांत असताना, म्यूट हॉर्नमधून निसटलं. फरशीवर आपटलं, गडगडत ड्रमवाल्यापर्यंत गेलं. मास्तर ओरडले, कोण मेलं? मग त्यांची नजर माझ्यावर पडली आणि चेहरा उतरला. मध्यंतरात येऊन दोनदा माफी मागून गेले. मी म्हटलं, अहो मास्तर, त्यात काय, कोणीतरी मेलंच आहे. त्यावर त्यांनी आणखी एकदा माफी मागितली. डॉक्टरला हसू आवरेना, तिने ते हॉर्नमध्ये दाबलं. हॉर्नमधून म्हैस हंबरल्यासारखा आवाज आला. ही असती तर हिने तेच केलं असतं, असं वाटून गेलं.

संकल्प: फेल्ट नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरने स्वतःचं म्यूट आणलं. लाकडी, कोरं. मला विचारलंसुद्धा नाही. ओळ वाजवली. मास्तर म्हणाले, वा, हेच हवं होतं.

मला काही वाटलं नाही. उलट बरंच वाटलं, डोक्याचा ताप गेला. येताना चुकीच्या बसमध्ये बसलो.

२२ फेब्रुवारी, शनिवार

हॉलच्या कपाटाची एक किल्ली अजून माझ्याकडे आहे. तिथे ठेवलेलं डॉक्टरचं म्यूट नुसतं बघायला घरी आणलं. कारागिरी चांगली आहे. कॉर्क मात्र जाड वाटला. कार्यक्रमाआधीचा शनिवार. सँडपेपर टेबलावरच होता.

अगदी हलके दोन हात मारले.

नंतर: चार.

नंतर: तिन्ही पट्ट्या सारख्या दिसाव्यात म्हणून थोडं इकडे, थोडं तिकडे करावं लागलं. एकदा बसलो की हात थांबत नाही, हे खरं. हिच्या हॉर्नमध्ये घालून पाहिलं. छान खोल बसतं. काढायला वेळ लागला.

संध्याकाळी परत कपाटात ठेवून आलो. डॉक्टरला चकित करणार.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

जादा तालीम. डॉक्टर चकित झाली.

ओळ अशी चढली की मास्तरांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. डॉक्टरने म्यूट उलटंपालटं करून बघितलं आणि सरळ मागच्या रांगेत आली. काका, तुम्ही याला हात लावलात का. म्हटलं, फक्त नजरेखालून घातलं. ती म्हणाली, नजरेला सँडपेपर लावला होता का? मी म्हटलं, घाबरू नकोस, भरून येईल. कॉर्कच तो, रोज वाजवलंस की श्वासाने फुगेल.

तिने माझ्याकडे पेशंटकडे बघतात तसं बघितलं. म्हणाली, दात काय आणि कॉर्क काय, घासलेलं परत येत नाही काका. येत असतं तर मी दवाखाना बंद करून घरी बसले असते.

मी म्हटलं, पण आमच्याकडे यायचा. ती म्यूट घेऊन जागेवर गेली.

दुकानात नवं यायला दोन आठवडे. कार्यक्रम शनिवारी. मास्तर म्हणाले, ती ओळच गाळून टाकू, लोकांना कळणार नाही. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी येऊन जेवलो नाही. भूक नव्हती. दाढ दुखते आहे.

२६ फेब्रुवारी, बुधवार

सकाळीच मेहुणी हजर. ती याच डॉक्टरकडे दात बसवून घेते, हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे बातमी रात्रीच पोचली होती. चपला न काढता आत आली. पिशवीतून डॉक्टरचं म्यूट काढलं, कॉर्कचा पातळ तुकडा काढला, गोंदाचा डबा काढला, ब्लेड काढलं आणि टेबलावर मांडलं.

म्हटलं, हे काय?

म्हणाली, ही तुमची कॉर्कची वाढ.

मग उभ्या उभ्या सांगून टाकलं. शनिवारी तुम्ही घासायचात. रविवारी ताई माझ्याकडे यायची. तुमच्या पट्ट्या काढून टाकायची, नव्या चिकटवायची, वाजवून वाजवून बेताने घासायची. मी समोर बसून मटार सोलायचे. भाऊजी, पंचवीस वर्षांत एक रविवार चुकला नाही. शेवटचा सोडून.

मी जरा वेळ खिडकीतून बाहेर बघितलं. खाली कोणाची तरी स्कूटर चालू होत नव्हती.

मग मी म्हटलं, म्हणजे माझं घासणं हा कामाचा पहिला टप्पा होता तर. जुना कॉर्क काढायचा म्हणजे आधी पातळ करावाच लागतो.

मेहुणी म्हणाली, नाही हो. ब्लेडने एका फटक्यात निघतो.

विचारलं, मला कधी सांगितलं का नाही तिने. मेहुणी खुर्चीत बसली, आता कुठे. म्हणाली, पहिल्याच वर्षी सांगणार होती. मीच म्हटलं होतं, सांगून टाक की, रविवार मोकळा होईल. तर म्हणाली, अगं, घासताना ते शीळ घालतात. एरवी घरात तोंडातून शब्द काढत नाहीत. आणि शीळ तरी कसली भाऊजी, ताई म्हणायची, एक सूर जागेवर नाही, पण ऐकत राहावंसं वाटतं.

मी शीळ घालतो हे मला माहीत नव्हतं.

कॉर्क एकाच म्यूटपुरता उरलाय. हिनेच आणून ठेवलेला होता, ऑक्टोबरसाठी. मेहुणीने दोन्ही म्यूटं समोर ठेवली आणि म्हणाली, बोला, कोणाचं करायचं? हिचं म्यूट फेल्टसकट फारच केविलवाणं दिसत होतं.

म्हटलं, डॉक्टरचं कर. हिच्या म्यूटमध्ये मी रोज फुंकर घालतोच आहे.

मेहुणी ओढणीने नाक पुसत म्हणाली, गोंदाचा वास फार उग्र आहे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

गोंद वाळल्यावर डॉक्टरच्या दवाखान्यात तिघं. पेशंट बाहेर. डॉक्टरने दातांच्या बारीक चक्रीने कॉर्क घासला. थोडं घासायची, हॉर्न वाजवायची, पुन्हा थोडं. मला शंकू धरायचं काम दिलं होतं. फक्त धरायचं, असं दोघींनी दोनदा सांगितलं. बाहेरचा एक पेशंट आवाज ऐकून उठून गेला म्हणे.

शेवटी डॉक्टरने ती ओळ वाजवली. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. मी म्हटलं, अगदी बरोबर. मेहुणी म्हणाली, भाऊजी, तुम्ही गप्प बसा.

जाता जाता डॉक्टरने दाढ भरून दिली. आता सकाळ संध्याकाळ ब्रश करायचा, पण हलक्या हाताने.

२ मार्च, रविवार

काल कार्यक्रम झाला. ओळ गाळली नाही.

मी तिसऱ्या रांगेत होतो. ओळ येणार म्हणून पुढे सरकून बसलो. आली. हाक मारल्यासारखी, बरीच लांबून. शेजारच्या बाईंना विचारलं, सुरात आहे ना? त्यांनी शू केलं. तेवढ्यात ती संपली. पुढे टाळ्या, त्यात माझ्याही.

आत भेटायला गेलो. डॉक्टरभोवती गर्दी होती. तिने लांबूनच म्यूट उंच धरून दाखवलं. मी मान हलवली. कपाटाची किल्ली मास्तरांना देऊन टाकली. त्यांनी ती चटकन घेतली. मग म्हणाले, साहेब, गुरुवारी येणार ना? खुर्च्या मांडायला माणूस नाही. आधीचा गावाला गेला तो गेलाच. मी म्हटलं, डायरी बघून सांगतो.

सकाळी डायरी बघितली. गुरुवार मोकळा आहे. त्यापुढचेही.

खुर्च्यांच्या मांडणीत बऱ्याच सुधारणा सुचल्यात. हॉर्नवाल्यांच्या रांगेला थोडा बाक दिला तर आवाज सुधारेल. मास्तरांना हळूहळू सांगेन.

दुपारी जेवायला बसलो तर आपल्याच टेबलाची खुर्ची डुगडुगत होती. उलटी करून बघितली. एक पाय आखूड. बाकीचे तीन घासून सारखे करावेत असं आलं मनात. सँडपेपर ड्रॉवरमध्ये होता, तो तिथेच राहू दिला. कालच्या कार्यक्रमाच्या तिकिटाची घडी करून आखूड पायाखाली सरकवली, बसून पाहिलं, आणि जेवून घेतलं.