काळ्याचं पांघरूण

ती. ताईस, लांबूनच तुझ्या पाया पडतो.

मी बरा आहे. खोली उबदार आहे, दोन वेळा जेवतो. आईला एवढंच वाचून दाखव, पुढचं तुझ्यापुरतं.

आमच्या लाकडाच्या वखारीतला राखणीचा कुत्रा गेला. मी त्याला काळ्या म्हणायचो. बिचारा उघड्यावर साखळीला असायचा. भांड्यातलं पाणी गोठायचं, ते मी दिवसातून तीनदा बदलायचो. थंडी वाढली तशी त्याच्या निजायच्या लाकडी खोक्यात माझं पांघरायचं कांबळं अंथरलं. मोठा शहाणपणा केला असं वाटलं होतं गं.

परवा पावसाची झड आत गेली आणि मागून बर्फ पडला. सकाळी बघतो तर कांबळं फळीसारखं कडक झालेलं, आणि तोही.

मुकादम म्हणाले, "अरे, कांबळं ओल धरतं. कोरडा पेंढा घालायचा असतो."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठे?"

ताई, मायेपोटी मीच मारलं त्याला. सोमवारी नवा कुत्रा येणार आहे. पेंढा आणून ठेवलाय, पण त्याच्या तोंडाकडे बघायचं बळ माझ्यात नाही.

आईचा खोकला कसा आहे? बरा आहे असं लिहू नकोस. इथून मला काहीच करता येत नाही, तरी खरं लिही.

तुझा,
धाकटा