नवा मुकादम

३ फेब्रुवारी, सोमवार
ठरलं. सिस्टमडीला हाकलायचं. सर्व्हर चालू झाला की कुठली सर्व्हिस आधी उठेल, कुठली मागून, हे ठरवणारा मुकादम तो. पण मेला सगळ्यातच नाक खुपसतो. मी केबलच्या वायरी खांद्यावर टाकून गोखिवऱ्यात इंटरनेटचा धंदा उभा केला. मला कोणी शिकवू नये. ओपनआरसी आणतो. साधा, सांगितलं तेवढंच करणारा. दोन तासांचं काम.
सर्व्हर लावणारी हेमाली (आता त्या दुसऱ्या नेटवाल्या मितेशकडे, गद्दार) म्हणे, काका, चालतंय ते चालू द्या. जळते.

४ फेब्रुवारी, दुपारी ४
दोनाचे नऊ तास झाले. नव्या मुकादमाने नेटवर्क कार्डाचं नावच बदललं. फायली जुन्याच नावाने हाका मारतायत. हेमालीच्या स्टार्टअप फायली तर तो वाचतही नाही. घराघराला आयपी वाटणारी डीएचसीपी आधी उठते, कार्ड नंतर. मग वाटणार काय, कपाळ! चौऱ्याऐंशी घरं बंद. माझ्याकडे उरलेली एकुलती एक सोसायटी. मी आणि बायको द्वारकाही तिथेच, सी विंग.

५ फेब्रुवारी
जिंकलो! एकेक सर्व्हिस हाताने स्टार्ट केली. आधी कार्ड, मग फायरवॉल, मग डीएचसीपी. पळतंय. रीस्टार्ट करून बघणार नाही. चालत्या मशीनवर संशय घेऊ नये.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
शुक्रवार विसरलो. मेंटेनन्सचा वार. नऊला लाइट गेली, इन्व्हर्टरने अकरापर्यंत दम धरला. दीडला लाइट आली. सर्व्हर उठला, सर्व्हिसेस झोपलेल्या. मी सांडोरला मेव्हण्याकडे जेवत होतो. पोचलो चारला.
सोसायटीचे सेक्रेटरी आलोशियस, त्यांच्या मुलीचा, नॅन्सीचा दोनला परदेशी नोकरीचा इंटरव्ह्यू होता. वॉचमनच्या मोबाइलवरून दिला म्हणे. वॉचमनचं कौतुक, माझं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
मीटिंग. पुढच्या शुक्रवारी नेट आलं नाही तर बिल्डिंग मितेशला. मी ठणकावून सांगितलं, लाइट आली की सगळं आपोआप उठेल. जिन्यात कान दिला. हेलनबाय म्हणत होती, आपोआप? हा स्वतः तरी उठतो का आपोआप? तिचं कनेक्शन स्लो करणार.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
प्लॅन पक्का. सर्व्हरसमोर खुर्ची टाकून, दार लावून बसायचं. लाइट आली की हाताने स्टार्ट. कोणाला कळणार?

त्याच दिवशी, दुपारी ३
पाऊणला आलोशियस दारात. म्हणाले, जयवंत, आपोआपच उठणार ना? मग चला, चहा घेऊ. खांद्यावर हात. नाही कसं म्हणणार? दुसरा कप मागवला त्यांनीच. टपरीवरचा पंखा फिरायला लागला तसा मी उठलो, तर हात खांद्यावर तसाच. दहा मिनिटं ते मोबाइलवर घरून ‘नेट आलं’ असा मेसेज येतो का बघत बसले, मी त्यांच्याकडे. चहाला आलं जास्त होतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
मितेशच्या वायरी चढल्या. लोंबतायत. हेमालीचा फोन. मी विचारलं नव्हतं, फक्त दोन मिस्ड कॉल दिले होते. म्हणाली, काका, कार्ड उठेपर्यंत थांब, हे डीएचसीपीला सांगायचंच राहिलंय. सर्व्हर चालू होताच उठायच्या यादीतही सगळ्यांना टाका. दोन ओळी. मला सुचणारच होतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
लाइट गेली. लाइट आली. हात मांडीखाली दाबून बसलो. कार्ड, फायरवॉल, डीएचसीपी: ओळीने उठल्या! दाखवतो आता एकेकाला.
वीस मिनिटं झाली. डीएचसीपी वाटायला तयार, मागायला कोणी नाही. घरचं तरी दिसायला हवं. द्वारकाला फोन केला, वायफाय चालू कर.
म्हणाली, अहो, चालूच आहे. मंगळवारीच मितेशने जोडून दिलं.